शूटिंगमधली बंदूक: गोव्यातल्या छोट्या युनिटने ती कशी सांभाळावी

मुंबईहून मोठं युनिट गोव्यात उतरतं तेव्हा हत्यारांचा पुरवठादार, त्याच्या कुलूपबंद पेट्या आणि त्याची माणसं बरोबर येतात. हा मजकूर त्यांच्यासाठी नाही. पेडणे, सत्तरी, केपे, काणकोण भागात लघुपट, म्युझिक व्हिडिओ, वेब मालिकेचा एखादा भाग किंवा गोवा मुक्तिलढ्यावरचा प्रसंग चित्रित करणाऱ्या पंधरा-वीस जणांच्या युनिटसाठी आहे. अशा युनिटमध्ये हत्यारासाठी वेगळा माणूस नसतो. जो असिस्टंट जेवणाची ऑर्डर देतो, तोच प्रॉपची पिशवीही सांभाळतो आणि बंदूक त्याच पिशवीत असते. गडबड तिथेच सुरू होते.

पटकथा हातात घेऊन पहिलं काम हे करा: बंदूक दिसते तो प्रत्येक शॉट वेगळा काढा आणि त्याच्यापुढे लिहा की कॅमेऱ्याला नेमकं काय हवंय. कमरेला नुसती दिसायला हवी? हातात धरून रोखायची आहे? जवळून, अगदी खटक्यापर्यंत दाखवायची आहे? की झाडल्याचं दिसायला हवं? यादी झाली की बहुतेक वेळा कळतं की शॉट वीस असले तरी झाडल्याचे दोन-तीनच आहेत, आणि त्यांनाही खरी नळी लागत नाही. आमचं मत स्पष्ट आहे. छोट्या युनिटने खरी बंदूक सेटवर आणूच नये आणि ब्लँकचा, म्हणजे गोळी नसलेल्या पण दारू भरलेल्या काडतुसाचा, मोह शक्यतो टाळावा. तरी ब्लँक वापरणारच असाल तर पुढचं सगळं पाळायला हवं, त्यातलं निम्मं पाळून भागत नाही.

घरातली बंदूक नको

गोव्यात गावोगावी शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर दिलेल्या बंदुका आहेत. रानडुकरं, माकडं भातात आणि कुळागरात (पोफळीच्या बागेत) शिरतात म्हणून. बहुतेक बारा बोअरच्या, एकनळी किंवा दुनळी. लोकेशन ज्या भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घरात आहे, त्याच्या खोलीत अशी एक टांगलेली असते आणि तो आपुलकीने म्हणतो, "आमची आहे ना, घ्या की." माणसाची भीड पडते, बंदूक खरी असल्याने दिसतेही झकास. तरीही नको म्हणा.

कायद्याचं कारण असं. परवाना त्या व्यक्तीच्या नावावर आणि त्या कामासाठी असतो. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे बिगरपरवाना माणसाच्या हातात ती दिली की देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. कलम 9 नुसार 21 वर्षं पूर्ण न झालेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, आणि कॉलेजातल्या तुमच्या नायकाचं वय अनेकदा एकोणीस असतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा बेफिकीरपणे बंदूक वापरली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तो दंड कोणी मेल्यावरच होतो असं नाही.

दुसरं कारण कायद्यापेक्षा मोठं आहे. ज्या घरात बंदूक असते त्या घरात काडतुसंही असतात. कपाटात, जुन्या बिस्किटाच्या डब्यात, कधी शिकारीच्या जाकिटाच्या खिशात. ते जाकीट आवडलं म्हणून तुम्ही वेशभूषेसाठी मागून घेता आणि खरं काडतूस चालत सेटवर येतं. घरमालकाचं काहीही वापरायचं असेल तर खिसे, पट्टे, पिशव्या उलट्या करून झटका. आणि "छर्रे काढून टाकू, नुसती दारू ठेवू" असं कोणी सुचवलं तर त्याला त्या दिवसापुरतं हत्यारापासून लांब ठेवा. छर्रे काढले तरी काडतुसातली गच्ची, म्हणजे दारूवर दाबून बसवलेलं प्लास्टिकचं किंवा नमद्याचं बूच, नळीतून सुसाट बाहेर येतं. जवळून ते पोट फोडू शकतं.

एनसीसीची रायफल, ओळखीच्या सुरक्षारक्षकाची बंदूक, सुट्टीवर आलेल्या मेव्हण्याचं पिस्तूल, सगळ्यांना हाच नियम.

कोणत्या शॉटला काय पुरतं

लांबून दिसणाऱ्या, पळताना, पडताना, झटापटीत हातात असणाऱ्या बंदुकीसाठी रबराची. पडली, कोणाला लागली, तरी दात पडत नाहीत. पुरवठादाराकडून घेताना ती आतून तारेची आहे की भरीव रबराची, हे वाकवून बघा. तार बाहेर आलेली असेल तर परत करा, कारण झटापटीत ती गाल फाडते.

कमरेला लावलेली किंवा टेबलावर ठेवलेली बंदूक रेझिनची किंवा लाकडाची चालते. मुक्तिलढ्याच्या प्रसंगातल्या रायफली लाकडाच्याच करून घ्याव्यात, सुताराला माप दिलं की तो करतो. फक्त वजन विसरू नका. थ्री-नॉट-थ्री ली-एनफिल्ड रायफल साधारण चार किलोंची असते आणि भरलेलं पिस्तूल एक किलोच्या आसपास. सागाचा हलका तुकडा खांद्यावर घेतलेला शिपाई छत्री घेतल्यासारखा चालतो आणि प्रेक्षकाला कळत नाही तरी खटकतं. दस्त्यात किंवा नळीच्या पोटात शिशाची पट्टी किंवा लोखंडी सळीचा तुकडा बसवून, वर बूच मारून बंद करा. नळीचं तोंड मात्र भरीवच ठेवा. पुढे अर्धा इंच भोक पाडून काळं रंगवलं की कॅमेऱ्याला पोकळ नळी दिसते.

अगदी जवळच्या शॉटला, जिथे खटका मागे जाताना किंवा स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे होणारा भाग) सरकताना दिसायला हवी, तिथे नळी कायमची बुजवलेली, न झाडणारी प्रतिकृती घ्यावी. काही जण गॅसवर चालणारी एअरसॉफ्ट, म्हणजे खेळातली नकली बंदूक, वापरतात, कारण तिची स्लाइड खऱ्यासारखी मागे येते. तिच्यातून सहा मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या सुटतात आणि एका गोळीने डोळा जातो. म्हणून मॅगझिनमधल्या (गोळ्या भरायच्या खणातल्या) सगळ्या गोळ्या काढायच्या, मग मोकळ्या जागी जमिनीकडे रोखून दहा-बारा वेळा झाडून बघायचं आणि गोळ्यांची पिशवी सेटवर आणायचीच नाही.

झाडल्याचा उजेड

"पण फ्लॅश खरा दिसत नाही," हा ब्लँकच्या बाजूचा नेहमीचा मुद्दा. आकडे मांडून बघू. सेकंदाला 24 फ्रेमवर, 180 अंश शटर ठेवून शूट करता तेव्हा प्रत्येक फ्रेम सुमारे 42 मिलिसेकंदांची असते आणि त्यातली निम्मी वेळ, म्हणजे 21 मिलिसेकंद, शटर बंद असतं. ब्लँकचा भडका जेमतेम काही मिलिसेकंद टिकतो. म्हणजे तो कॅमेऱ्यात येईल की शटर बंद असताना निघून जाईल, हे जवळपास नाणेफेकीवर अवलंबून. मोठी युनिटंसुद्धा ब्लँक झाडून शेवटी संगणकावर फ्लॅश घालतात, ते यामुळेच. जीव धोक्यात घालून जे मिळवायचं ते निम्म्या वेळा मिळतच नसेल तर कशाला?

छोट्या युनिटने असं करावं. नळीच्या दिशेने, फ्रेमबाहेर, एक छोटं एलईडी पॅनल किंवा पिवळसर जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावलेला दिवा ठेवा आणि झाडण्याच्या क्षणी तो सुमारे 40 मिलिसेकंद, म्हणजे एका फ्रेमपुरता, पेटेल अशी सोय करा. साधा टायमर किंवा बटण चालतं. फोटोग्राफीचा स्ट्रोब, म्हणजे क्षणभर लखलखणारा फ्लॅश, वापरू नका. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे स्ट्रोबचा उजेड अर्ध्याच फ्रेमवर पट्ट्यासारखा उमटतो. एलईडीचा उजेड चेहऱ्यावर, भिंतीवर, समोरच्या माणसाच्या खांद्यावर पडला की सत्तर टक्के काम झालं असं समजा. मग एडिटिंगमध्ये एका फ्रेमला भडका, पुढच्या एक-दोन फ्रेमना विरत जाणारा धूर, एवढंच. भडका दोन फ्रेम ठेवलात तर तो फटाक्यासारखा दिसतो. नव्या संपादकांची ही ठरलेली चूक.

उरला धक्का. नटाला सांगा की पिस्तूल झाडल्यावर मनगट वर आणि मागे जातं, आणि हात परत खाली यायला वेळ लागतो. रायफलचा धक्का मनगटात नसतो, खांद्यात असतो. आवाज नसताना हे सुचत नाही, म्हणून कोणीतरी कॅमेऱ्यामागून टाळी वाजवावी. तो आवाज तसाही काढून टाकायचा असतो.

ब्लँक म्हणजे रिकामं नव्हे

ब्लँक काडतुसात कवच असतं, मागे टोपी (आघाताने पेटणारा छोटा भाग) असते, आत दारू असते. फक्त पुढे गोळी नसते, तिच्या जागी कवचाचं तोंड चांदणीसारखं मुरडून बंद केलेलं असतं किंवा गच्ची बसवलेली असते. खटका ओढून टोपीवर आघात झाला की दारू पेटते आणि तापलेला वायू, न जळलेले दारूचे कण, गच्चीचे किंवा पितळेचे तुकडे नळीतून बाहेर फेकले जातात. दूरवर ते निष्प्रभ होतात, नळीच्या तोंडाशी मात्र ते हत्यारच असतं.

1984 च्या ऑक्टोबरात अमेरिकन अभिनेता जॉन-एरिक हेक्समने एका मालिकेच्या सेटवर, दोन शॉटमधल्या रिकाम्या वेळात, ब्लँक भरलेलं .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर गमतीने कानशिलाला लावलं आणि खटका ओढला. गोळी नव्हतीच. नुसत्या दाबाने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला आणि काही दिवसांत तो वारला. शॉटमध्ये काही चुकलं नव्हतं. चूक झाली ती कंटाळ्याच्या वेळेत हत्यार नटाच्या हातात राहिलं ही.

म्हणून नियम साधा आहे. "कट" म्हटलं की हत्यार नटाच्या हातात राहत नाही. पुढचा टेक दोन मिनिटांत असला तरी नाही.

डमी काडतूस आणि दोन मृत्यू

रिव्हॉल्व्हर समोरून दाखवायचं असेल तर सिलिंडरच्या घरांमध्ये, म्हणजे काडतुसं बसतात त्या भोकांमध्ये, गोळ्यांची टोकं दिसावी लागतात, म्हणून डमी काडतूस वापरतात. कवच आणि पुढे गोळी असते, आत दारू नसते, टोपी निकामी केलेली असते. या छोट्या वस्तूने दोन वेळा जगभर बातमी केली आहे.

31 मार्च 1993 रोजी अमेरिकेतल्या विल्मिंग्टनमध्ये अभिनेता ब्रँडन ली चित्रीकरणात मेला. आधीच्या एका शॉटसाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी केली होती, पण एकाची टोपी जिवंत राहिली. खटका ओढला गेला तेव्हा टोपीच्या एवढ्याशा जोरानेही गोळी कवचातून सुटली आणि नळीत अडकली. कोणी नळीत डोकावलं नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरला, आणि ब्लँकने अडकलेली गोळी खऱ्या गोळीसारखी बाहेर काढली. नळीतून एक काठी फिरवली असती तर कळलं असतं.

21 ऑक्टोबर 2021 ला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत चित्रीकरणात गोळी लागून छायालेखिका हॅलिना हचिन्स गेली, दिग्दर्शक जखमी झाला. तिथे डमींमध्ये खरं काडतूस मिसळलं होतं आणि सेटवर आणखीही खरी काडतुसं सापडली. हत्यार सांभाळणाऱ्या मुलीला 2024 मध्ये अठरा महिन्यांची कैद झाली. हत्यार सुरक्षित आहे असं सेटवर जाहीर झालं होतं, पण प्रत्येक घर उघडून कोणी पाहिलं नव्हतं. असिस्टंट डायरेक्टरने तपासात तसं सांगितलंही.

यातून छोट्या युनिटने घ्यायचं ते एवढं. डमी घरी बनवायची नाही. विकत किंवा भाड्याने घ्यायची ती अशी की कवचाला बाजूने भोक पाडलेलं असेल किंवा आत छर्रा घातलेला असेल. मग एकेक काडतूस कानाशी धरून हलवायचं. खुळखुळलं किंवा भोक दिसलं तर ते पेटीत, नाहीतर बाजूला. पन्नास असली तर पन्नास वेळा. मूठभर एकदम हलवली तर एक मुकं काडतूस बाकीच्यांच्या आवाजात लपतं. डमी आणि ब्लँक कधीच एका डब्यात, एका टेबलावर, एका माणसाच्या खिशात नको. डबे वेगळ्या रंगाचे घ्या. आणि डमीचा शॉट संपल्यावर ब्लँकचा शॉट घ्यायचा असेल तर मध्ये नळीतून काठी गेलीच पाहिजे.

तपासणी कशी करायची

हत्याराचा एकच जबाबदार माणूस ठरवा आणि त्या दिवशी त्याला दुसरं काहीही काम देऊ नका. त्याच्याशिवाय कोणी हत्यार उचलत नाही, पेटीची किल्ली त्याच्याच गळ्यात. ब्लँक वापरणार असाल तर हा माणूस हत्यारं हाताळलेला, परवानाधारक पुरवठादाराकडचा असला पाहिजे. रबराच्या बंदुकांसाठी तुमचाच एखादा शांत डोक्याचा माणूस पुरे.

पिस्तुलाची तपासणी क्रमानेच होते. आधी नळी मोकळ्या दिशेला, बोट खटक्याबाहेर. मग मॅगझिन काढायचं. त्यानंतर स्लाइड मागे ओढून अडकवायची आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या पोकळीत) डोळ्याने बघायचं, करंगळीने चाचपायचं. क्रम उलटा केला, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, तर पुढचं काडतूस चेंबरमध्ये चढतं. मग मॅगझिन काढून "रिकामं आहे" म्हणणारा माणूस भरलेलं पिस्तूल दाखवत असतो. शेवटी नळीतून पातळ लाकडी किंवा पितळी काठी आरपार. आत काही अडकलं असेल तर काठी अडते, म्हणून नुसता टॉर्च लावून बघायचं नाही, काठीच घालायची. उजेड अर्धवट अडलेल्या नळीतूनही येतो.

रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडून सगळी घरं मोजायची. सहा असतील तर सहा, मोठ्याने. काठी इथेही.

ही तपासणी नटासमोर, ज्याच्यावर ती रोखायची आहे त्याच्यासमोर आणि कॅमेरामनसमोर होते. ज्याला हवं त्याला आत डोकावायला द्यायचं, आणि "एवढा काय संशय?" असं कोणी म्हणायचं नाही. त्यानंतर हत्याराचा माणूस, तोच, मोठ्याने सांगतो: "रिकामं" किंवा "ब्लँक भरलाय, तीन." दुसऱ्याने पाहून तिसऱ्याने ओरडायचं नाही. दुपारच्या जेवणानंतर, लोकेशन बदलल्यावर, हत्यार पाच मिनिटंही नजरेआड झाल्यावर ही सगळी तपासणी पहिल्यापासून.

अंतर, कोन आणि पितळ

ब्लँक झाडताना नळीपुढे माणसाचं किमान अंतर सहा मीटर धरतात. मोठ्या दारूचा ब्लँक असेल तर त्याहून जास्त, आणि नेमकं किती ते पुरवठादाराने त्या दारूसाठी सांगावं. पण अंतर पाळलं म्हणून थेट माणसावर रोखायचं नाहीच. रोखल्याचा भास करायचा. दोघे नट एकमेकांसमोर आणि कॅमेरा बाजूने असेल तर नळी समोरच्या नटापासून पंधरा अंश मागे, कॅमेऱ्यापासून दूर, वळवा. सहा मीटरवर पंधरा अंश म्हणजे दीड मीटरहून जास्त फरक, आणि लांब लेन्समध्ये तो डोळ्याला कळत नाही. जमिनीवर गॅफर टेपची खूण करा आणि नटाला त्या खुणेकडेच रोखायची सवय रबराच्या बंदुकीने लावा. नट शेवटच्या क्षणी भावनेच्या भरात खऱ्या माणसाकडे वळतो, तेव्हा रिहर्सलच त्याला आवरते.

कॅमेऱ्याच्या दिशेने झाडायचं असेल तर कॅमेरा एकटा. पुढे पॉलिकार्बोनेटचं जाड पारदर्शक फलक, फोकस रिमोटवर, मॉनिटर बाजूला. फलकामागेही माणूस नको.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलातून रिकामं कवच उजव्या बाजूला उडतं आणि ते चांगलं भाजतं. नटाच्या शर्टाच्या कॉलरमध्ये गेलं तर तो उसळतो, आणि त्याच्या हातात त्या वेळी भरलेलं पिस्तूल असतं. म्हणून कॉलर बंद, उजवीकडे तीन मीटर मोकळे, आणि तिथे तीन बाय तीन मीटरची ताडपत्री. ताडपत्री कवचं शोधायलाही लागते. मोरजीच्या वाळूत संध्याकाळी सहा वाजता सतरावं कवच शोधून बघा म्हणजे तिचं मोल कळेल.

कान. 140 डेसिबलच्या वरचा क्षणिक आवाज कानाला कायमची इजा करू शकतो आणि ब्लँक तो आकडा सहज ओलांडतो. जुन्या गोमंतकीय घरांच्या उंच छताच्या, फरशीच्या दिवाणखान्यात आवाज भिंतींवर आपटून परत येतो. फोमची बुचं सगळ्यांना, मेकअपवाल्यालाही. नटाच्या कानात केसांआड बसतील अशी छोटी घ्या. साउंडवाल्याने हेडफोनची पातळी खाली करायची आणि टेकआधी तोंडी हो म्हणायचं.

गोव्याची हवा आणि सडा

समुद्राजवळ दमट, खारट हवेत ब्लँक सादळतो. सादळलेला ब्लँक उडत नाही, किंवा खटका पडल्यावर क्षण-दोन क्षणांनी उडतो. दुसरं जास्त वाईट, कारण तोवर नट बंदूक उलटी करून नळीत बघत असतो. खटका पडला आणि आवाज आला नाही तर नळी मोकळ्या दिशेलाच रोखून तीस सेकंद मोजायचे, कोणी हलायचं नाही, मग हत्याराच्या माणसाने ते घ्यायचं. हे नटाला आधीच सांगून ठेवा, कारण त्या क्षणी ओरडून सांगितलेलं कोणी ऐकत नाही. ब्लँक हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. उन्हात वाळवायचे नाहीत, सादळलेले बाजूला ठेवून पुरवठादाराला परत द्यायचे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तरी थांबायचं आणि काठी घालायची.

फेब्रुवारी ते मे या काळात सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) गवत आणि काजूच्या बागांतला पाचोळा नुसत्या ठिणगीने पेटतो. ब्लँकची गच्ची धुमसत पडते आणि वाऱ्यावर दहा मिनिटांनी आग दिसते, तोवर युनिट पुढच्या शॉटला लागलेलं असतं. नळीपुढची दहा मीटर जागा झाडून, पाणी मारून घ्या. दोन बादल्या, ओली पोती आणि एक माणूस, जो शॉटनंतर पंधरा मिनिटं तिथेच उभा राहतो. काजूच्या हंगामात कोणाची बाग जळली तर नुसत्या माफीवर भागणार नाही.

कागद आणि गाव

चित्रीकरणाची परवानगी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडून घ्यायची असते. ती मिळाली म्हणजे बंदुकीची मिळाली असं नाही. अर्जातच दृश्यात हत्यार दिसणार का, झाडलं जाणार का, किती वेळा, किती वाजता, हे लिहा. जुन्या गोव्यातल्या चर्चसारख्या संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी, आणि तिथे ब्लँकचा विचारही करू नका. खरी किंवा ब्लँक झाडणारी हत्यारं येणार असतील तर पुरवठादाराचा परवाना, त्यावरची क्षेत्रमर्यादा, हत्यारांचे क्रमांक आणि मुदत स्वतः वाचा. तो परवाना गोव्यात चालतो का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. पुरवठादाराचं "आमचं नेहमीचं आहे" हे उत्तर नव्हे. कागदपत्रांच्या प्रती गाडीत हव्यात, महाराष्ट्राच्या सीमेवर पत्रादेवीच्या नाक्यावर गाडी उघडायला सांगितली तर मोबाइलमधला अंधुक फोटो कामाला येत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर परवानाधारकांनाही बंदुका पोलिसांकडे जमा करायला सांगितलं जातं, तेव्हा तारखा आधी तपासा. कोणी दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावरून जाणार असेल तर त्याच्या हातातल्या बॅगेत रबराचीही बंदूक नको.

पोलीस ठाण्याला, पंचायतीला आणि किनारा असेल तर जीवरक्षकांना तारीख, वेळ, जागा आणि आवाज होणार का हे कळवा. त्याच सकाळी पुन्हा एक फोन करा, कारण ड्युटी बदललेली असते. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे शॉट ठेवू नका. रस्त्याच्या दोन्ही टोकांना कोकणी, मराठी, इंग्रजीत फलक लावा. आणि वेशभूषेतला नट कमरेला बंदूक लावून चहाच्या गाड्यावर जाणार नाही याची खबरदारी घ्या. पर्यटक व्हिडिओ काढतो, तो अर्ध्या तासात पसरतो, आणि पोलीस येतात तेव्हा त्यांना ती बंदूक रबराची आहे हे ठाऊक नसतं. टेपने आखलेल्या हद्दीबाहेर हत्यार जात नाही, खोटंही नाही. वाहतुकीत ते कुलूपबंद पेटीत, डिकीत. भाड्याच्या स्कूटरवर पाठीला लावून नाही.

शरीरावर गोळी लागल्याचा रक्ताचा फवारा छोट्या स्फोटकांनी करतात. त्याला स्फोटकांचे वेगळे नियम आणि वेगळा परवानाधारक माणूस लागतो. दाबाची हवा आणि नळीने तो परिणाम चांगला साधतो, छोट्या युनिटने तेवढंच करावं.

लागलंच तर

सकाळी कामाआधी सगळ्यांना सांगा की इजा झाली तर फोन कोण करणार, गाडी कुठे उभी आहे आणि गाडीची किल्ली कोणाकडे. 108 वर रुग्णवाहिका, 112 वर पोलीस. सत्तरीत, चोर्ला घाटाच्या बाजूला, मोले परिसरात काही जागी मोबाइलला रेंज नसते. कुठे उभं राहिल्यावर ती मिळते ते आदल्या दिवशी शोधून ठेवा आणि जवळचं रुग्णालय लिहून ठेवा, वाळपई, फोंडा, मडगाव, गंभीर असेल तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ). जखमेवर स्वच्छ कापडाने दाब द्या, आत रुतलेलं काही ओढून काढू नका. डोळ्याला काही लागलं तर डोळा चोळायचा नाही, धुवायचाही नाही. कागदी कपाचा तळ उलटा धरून वरून झाका आणि न्या. दारूचे कण डोळ्यात गेले असं वाटलं तरी हेच.

हत्यार जिथे पडलं तिथेच राहू द्या. कोणी उचलून "बघू काय झालं" करायचं नाही. हत्याराच्या माणसाने त्याच्याजवळ उभं राहायचं, पोलीस येईपर्यंत. चित्रीकरणाची कार्ड आणि हत्यारांच्या नोंदींची वही त्याच्याच ताब्यात.

दिवसअखेरीची मोजणी

हत्यारांच्या नोंदींची वही साधी शंभर पानी चालते. रकाने: वेळ, हत्याराचा क्रमांक, कोणाला दिलं, किती ब्लँक, परत केव्हा, सही. दिवस संपताना हिशेब जुळतो का बघा. सकाळी 24 ब्लँक दिले असतील, 17 रिकामी कवचं ताडपत्रीवर मिळाली आणि 7 न झाडलेले डब्यात असतील, तर ठीक. सोळाच कवचं मिळाली तर कोणी गाडीत बसायचं नाही. आधी वेशभूषेचे खिसे, मग नटाच्या पँटच्या घड्या, मग कॅमेऱ्याच्या बॅगा, मग जमीन, ओळीत उभं राहून, टॉर्च घेऊन. सतरावं मिळालं नाही तर वहीत तसं लिहा, लोकेशन मालकाला सांगा, आणि ठाण्यात कळवा. न झाडलेला एक कमी असेल तर सर्वांत आधी नट आणि त्याच्याबरोबर सेल्फी काढायला आलेल्या पोरांना विचारा. आठवण म्हणून नेलेला ब्लँक कोणाच्या तरी घरी स्वयंपाकघराच्या फळीवर जाऊन बसतो, गॅसच्या शेगडीशेजारी.

हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून, पुन्हा एकदा उघडून बघून पेटीत. खारी हवा एका रात्रीत स्लाइडवर गंज धरते. पेटीला कुलूप लावा, किल्ली हत्याराच्या माणसाच्या गळ्यात, पेटी हॉटेलच्या खोलीत कपाटात आणि खोलीची चावी काउंटरवर न ठेवता. परवान्यात साठवणीची जागा लिहिलेली असेल तर ती तीच हवी.

पॅकअपनंतर पार्टीला हत्यारं नेऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही.